काचबिंदू आणि वारीचा नेम



दिंड्यांतून हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो. "महाराज, डॉक्टर म्हणतात डोळ्याचं ऑपरेशन ज्येष्ठातच करा. वारी तर तोंडावर आली. इतक्या वर्षांचा नेम मोडू का?" विचारणारा तळमळीने विचारतो, आणि भोवतालचे चार जण उत्तरही देऊन टाकतात, "चल रे, माउली बघून घेईल!" हे उत्तर भक्तीचे आहे असे मला वाटत नाही. का वाटत नाही, ते आज सांगतो.

आधी दुखणे समजून घेऊ. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जोडीने घेतात, म्हणून लोक त्यांना सख्खे भाऊ समजतात. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवले की बहुधा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूची जात निराळी. डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत झरते (हे अश्रू नव्हेत) आणि बारीक जाळीवाटे निघून जाते. ही वाट अडली की आतला दाब वाढतो, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. काहींचा तर दाब नेहमीइतकाच असूनही नस सुकत जाते. त्या नसेला पुन्हा पालवी फुटत नाही. गेलेली नजर कोणताही डॉक्टर परत आणू शकत नाही.

आणि दुखणे मोठे लबाड! बहुतेकांना ते दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते, मधली शाबूत राहते. पोथीचे अक्षर वाचता येते म्हणून माणूस निर्धास्त. पायरी चुकली, शेजारून आलेली बैलगाडी दिसली नाही, की म्हणायचे, "वय झालं." चाळिशी उलटलेल्याने, आणि ज्याच्या आईबापांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे त्याने तर अगत्याने, डोळ्याचा दाब आणि नस दोन्ही तपासून घ्यावीत. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ही तपासणी झाली असे नव्हे. एक प्रकार मात्र एकाएकी येतो. डोळा लाल होतो, डोके फुटू लागते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. दिंडीत याला पित्त समजून लिंबूपाणी पाजतात. अशा माणसाला त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावे.

आता "माउली बघून घेईल" याचा विचार करू. आपल्या माताभगिनी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. ती तुळस कोणाची? पांडुरंगाचीच ना? मग मुक्कामावर तिला पाणी का घालता? पांडुरंग बघून घेईल म्हणून ती वाळू देणारी वारकरीण मी अजून पाहिली नाही. डोळेही त्याचेच, आपल्याकडे सांभाळायला दिलेले.

आणि पुंडलीकाचे चरित्र विसरलात का? देव दारात उभा ठाकला, तेव्हा पुंडलीक काय करत होता? म्हाताऱ्या आईबापांच्या देहाची सेवा! ती अर्धी टाकून तो धावला नाही. देवाला वीट दिली, थांब म्हटले. देव रागावला नाही. कटीवर हात ठेवून थांबला. ज्याने एका भक्ताच्या घरच्या कामासाठी एवढी वाट पाहिली, तो तुमच्या डोळ्यासाठी आषाढीची कार्तिकी करून घेणार नाही? माझ्या मते अशा वर्षी आषाढी हुकली तर नेम मोडत नाही.

कोणी म्हणतात, हा प्रारब्धभोग, भोगलाच पाहिजे. भोगा ना! पण डॉक्टरची गाठ पडणे, औषध मिळणे, हेही त्याच प्रारब्धातले आहे. तेवढेच नेमके का नाकारता? आणखी कोणी गुलाबराव महाराजांचा दाखला देतात. महाराज १८८१ साली जन्मले, तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली, आणि १९१५ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी केवढी ग्रंथरचना केली! स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. त्यांच्यापुढे आपण मस्तक ठेवतो. पण दृष्टी त्यांनी हयगयीने घालवली नव्हती. जिची नजर गेली आहे अशा माउलीला त्यांचे चरित्र जरूर सांगावे, तिला बळ येईल. ज्याच्या घरात थेंबांची बाटली न उघडता पडली आहे, त्याने ते नाव पुढे करू नये.

थेंबांनी दाब आवरला तर शस्त्रक्रिया लागतही नाही. काहींचे लेसरने भागते. न भागले तर ट्रॅबेक्युलेक्टमी नावाची शस्त्रक्रिया करतात. केंब्रिजच्या केर्न्स यांनी १९६८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि आजही ती जगभर होते. वरच्या पापणीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी आतल्या पाण्याला नवी वाट करून देतात. तिथून ते वरच्या पातळ पडद्याखाली येऊन मुरते. माझ्या उजव्या डोळ्याची ही शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून भीतीविषयी दोन शब्द बोलतो. डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो. तोंडावर कापड, वरून दिव्याचा झोत, हलायचे नाही, बोलायचे नाही. मी मनात हरिपाठ धरला. तो दोनदा पुरा झाला, तिसऱ्याच्या मध्यावर डॉक्टर म्हणाले, "झालं, उठा." त्यांनी आधीच बजावले होते की याने जास्त दिसणार नाही, आहे ते टिकावे म्हणून हे करायचे. पहिले काही आठवडे तर आधीपेक्षा धूसर दिसले. हे ठाऊक नसले की माणूस "ऑपरेशन बिघडलं" म्हणत सुटतो आणि पुढच्या तपासण्या टाळतो. त्या आठवड्यांतल्या तपासण्यांवरच सारे अवलंबून असते, म्हणून तर त्या दिवसांत वाटचाल नको.

सर्वांत अवघड गोष्ट तीर्थाची. चंद्रभागेचे पाणी डोळ्यांना लावणे ही आपली जुनी सवय. पण या शस्त्रक्रियेनंतर तो पडदा पातळच राहतो, आणि नदीच्या पाण्यातले जंतू तिथून आत शिरण्याचे भय पुढेही वर्षानुवर्षे असते. अशा माणसाने बुडी मारू नये. काठावर बसून पाय धुवावेत, ओली बोटे कपाळाला लावावीत. पहिल्या खेपेला मला हे फार जड गेले. डोळे पाण्याने भरले, पण ते पाणी घरचेच होते! बुक्का उधळतात तिथे डोळा झाकावा. साष्टांग दंडवत, फुगडी, ओझे उचलणे हे डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत बंद. पुढे कधी डोळा लाल झाला, दुखला, त्यातून घाण येऊ लागली, तर तडक दवाखाना गाठावा.

थेंबांचे म्हणाल तर एकादशीलाही घालावेत, उपवास मोडत नाही. काकड्याच्या वेळी आणि हरिपाठाच्या वेळी, अशी वेळ बांधून घेतली की विसर पडत नाही. एक थेंब पुरतो. तो घालून डोळा मिटावा, नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, काही थेंब दमेकऱ्याला चालत नाहीत. आणि वाटेवर धुळीने डोळे लाल झाले म्हणून दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. कित्येकांत स्टिरॉइड असते, त्याने दाब वाढतो.

दिंडीचालकांना एक विनंती. ज्याची नजर आकसली आहे त्याला कडेने चालवू नये, मध्ये घ्यावे, संध्याकाळी त्याचा हात धरावा. दर्शनाला त्याला विठोबा एका नजरेत मावत नाही. तो आधी विटेवरचे पाय पाहतो, मग मान उचलून कटीवरचे हात, मग मुख. त्याला चार श्वास जास्त लागतात. तेवढे त्याला द्यावेत, मागच्याने ढकलू नये.