पाण्याची मर्यादा

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीस पंचगंगा सिद्ध होते. करवीर नगरी व इचलकरंजी मागे टाकून नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते. वरच्या गावाने टाकावे व खालच्याने ते प्यावे, असा या वाटेवरचा क्रम आहे. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ पसरून माणसे दगावली, तेव्हा या क्रमाचा अर्थ सर्वांस कळला.

1974 च्या जलप्रदूषणाच्या कायद्याने सांडपाणी सोडण्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक ठरविली. घाण कुजताना पाण्यातील जो प्राणवायू खाते, त्यावरून तिचे माप घेतात. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात ते दर लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत चालते, हा सर्वसाधारण दंडक. स्नानयोग्य नदीत मात्र ते 3 हून अधिक नको. म्हणजे एका वाट्यास निदान नऊ वाटे निर्मळ पाणी मिळेल, तरच हिशेब जुळावयाचा. वैशाखात पात्र आटले, किंवा वरच्या शेजाऱ्याने ते नऊ वाटे आधीच खर्चिले, म्हणजे काय करावे? प्रत्येकजण निर्दोष आणि नदी मात्र दूषित, असा चमत्कार मग घडतो.

कोणी म्हणेल, कायद्याने कोठे तरी रेघ ओढलीच पाहिजे. पूर्ण निर्मळतेचा आग्रह धरला तर माग व साखर कारखाने बंद पडतील. हे आम्हांस मान्य आहे. परंतु रेघ दंड कोठे सुरू होतो एवढेच सांगते. कर्तव्य कोठे संपते, हे ती सांगत नाही. आपल्या भाषेत मर्यादा म्हणजे सीमा आणि मर्यादा म्हणजे आब. पहिली मोजता येते, दुसरी पाळावी लागते.

हा दोष केवळ कारखानदारांचा मानून आपण सुटत नाही. जयंती नाल्यात आपल्याच मोऱ्यांचे पाणी असते. 2023 साली काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळाने कोल्हापुरात आले, याचा आनंद आम्हांसही आहे. पण नदीचे पाणी आपण पीत होतो तोवर स्वार्थ तिचा पहारेकरी होता. आता तो पहारा सैल होणार. यापुढे पंचगंगा राखावयाची ती खालच्या गावांतील अनोळखी माणसांसाठी. आणि आपल्या नीतीची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते.