पाचवी चिमणी



उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे मुले घरी आहेत. सकाळच्या मिस्सानंतर, ऊन चढण्याआधी, त्यांना घेऊन आपण लोणंदबाहेरच्या एखाद्या पाणंदीने किंवा नीरेच्या काठाने तासभर चालून यावे. वीर धरणाचे पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काठावर बगळे व शेकाट्या दिसतात. वाटेत तारेवर वेडे राघू बसलेले असतात.

पण विशेष लक्ष द्यावे ते टिटवीकडे. ती उघड्या माळावरच, उथळ खळग्यात, बहुधा चार अंडी घालते. त्यांचा रंग मातीत मिसळून जातो. भर उन्हात ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. कोणी जवळ आले की ओरडत घिरट्या घालते. हे ओरडणे अशुभ मानण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक ती पिलांसाठी घाबरलेल्या आईची हाक असते. ती ऐकताच आपण मागे फिरावे.

प्रभू येशूनेही आपल्याला पाखरांकडे पाहायला शिकवले. संत मत्तयच्या शुभवर्तमानात (१०:२९) एका पैशाला दोन चिमण्या मिळतात, तर संत लूकच्या शुभवर्तमानात (१२:६) दोन पैशांना पाच. हिशेबाने चारच यायला हव्यात. पाचवी वर घातलेली, फुकटची! कांद्याच्या बाजारपेठेत राहणाऱ्या आपणांस हा व्यवहार समजावून सांगायला नको. तरीही प्रभू सांगतो, देवाला त्यांतल्या एकीचाही विसर पडत नाही. बाजारात पाचवीला किंमत नाही, पण पित्याजवळ तिला मोल आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच शिकवण दिली : अगदी लहान जीवाचे क्षणभराचे आयुष्यही देवाच्या प्रेमात सामावलेले असते.

मग आपल्यातली पाचवी चिमणी कोण? गोणी वाहणारा हमाल, ऊसतोडीवरून परतलेले कुटुंब, की जिला मिस्साला आणायला कोणी नाही अशी अंथरुणाला खिळलेली आजी? त्यांना आपण मोजतो का? त्यांचे बोलणे आपल्याला किरकिर वाटते, की त्यात हाक ऐकू येते?

आज घरी गेल्यावर पाखरांसाठी अंगणात पाण्याचे भांडे ठेवू या, आणि या आठवड्यात अशा एका तरी घराचे दार ठोठावू या. यातले एक करून दुसरे टाळता येणार नाही.

हे प्रेमळ पित्या, ज्यांना जग मोजत नाही, त्यांना पाहण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.