बॅरिटोनचं गाव

वसईतल्या पापडीत काकांच्या ओट्यावर बॅरिटोन सॅक्सोफोन भिंतीला टेकून उभा होता. वरातींत तो वाहून काकांचा खांदा उतरलाय. आता तो पुतण्याच्या गळ्यात जायचाय. पोरानं कुणाला गुरू करायचं, यावर आमचं अडलं.

"बॅरिटोनवाल्या पेपर ॲडम्सला," मी म्हणालो. "सोबतचे वादक त्याला 'सुरी' म्हणायचे. त्याचं डेट्रॉइट म्हणजे मोटार-कारखान्यांचं शहर, तिथला सूर असाच धारदार निघणार. जेरी मलिगन कॅलिफोर्नियाचा, म्हणून त्याचा सूर हलका. आपल्याकडे नाही का, नंदाखालला कादोडी बोली, इकडे वाडवळी?"

"मलिगन जन्मानं न्यूयॉर्कचा," काका म्हणाले. " ॲडम्सचं बालपण रॉचेस्टरात गेलं. बरं, हॅरी कार्नी आणि सर्ज शालॉफ दोघंही बॉस्टनचे. कार्नीचा सूर भरदार, शालॉफचा कुजबुजीतून आरोळीत जाणारा. एका गावाचे दोन सूर कसे?"

"जन्म नाही, संगत मोजायची."

"मग संगत म्हण, गाव कशाला म्हणतोस? कार्नी १९२७ला एलिंग्टनच्या बँडमध्ये गेला तो १९७४पर्यंत तिथंच. साहेबाला स्वतःच्या मोटारीतून गावोगाव न्यायचा. १९६३ला मुंबईतही वाजवून गेला. त्याचं गाव ती मोटार?"

मी बराच वेळ तिथंच घुटमळलो. बोली खरी असेल, तर तिला माती हवीच, असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं.

काकाच पुढं म्हणाले, "मलिगननं १९५२ला पियानोशिवायची चौकडी जमवली ती लॉस एंजेलिसच्या हेग नावाच्या छोट्या क्लबात. एवढ्याशा जागेत गर्जून काय करणार? आमच्या वराती वाडीतल्या उघड्या रस्त्यानं जायच्या. सूर परतायला भिंत नाही, म्हणून जोरानं फुंकायचो. सूर जागेचा असतो, मातीचा नाही."

"आता लग्नं हॉलमध्ये, माईकवर लागतात. मग तुमचा सूर चुकीचा झाला?"

काका गप्प झाले. त्यांनी रीड काढून फडक्यानं पुसली, पुन्हा बसवली.

"ज्या रस्त्यासाठी तो होता, तो रस्ताच उरला नाही, हे खरं. तरी पोराला मी तोच देणार. माझ्याकडे दुसरा कुठंय?"

"त्याला तो नको असला तर?"

"त्याला आधी बावखलाच्या उघड्या तळ्याकाठी उभं करीन, मग हॉलमध्ये. दोन्हीकडे एकच सूर निघाला, तर मी चुकलो."

तोवर त्याला कुणाच्या रेकॉर्डी ऐकवायच्या, ते आमचं ठरलेलं नाही.