स्नेह आणि सौदा

मनुष्य मोठ्या खरेदीस सहसा एकटा जात नाही, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या ग्रंथांत फारशी आढळत नसली तरी बाजारात ती रोज दृष्टीस पडते. साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या गणपती पेठेत लग्नाचा बस्ता बांधावयास निघालेली मंडळी पाहावी. त्यांत नवऱ्या मुलीची आई असते, मावशी असते, आणि जिचा त्या लग्नाशी काडीमात्र संबंध नाही, पण जिला कापडातले कळते, अशी एखादी शेजारीणही असते. पोत चिमटीत धरून, काठ उलटून पाहून, "हे राहू द्या, दुसरे दाखवा," असे दुकानदारास सांगण्याचे काम तिचे. या शेजारणीस दुकानदार मनातून भीत असतो. आणि म्हणूनच तिची सोबत मोलाची असते.

हे सांगण्याचे कारण असे की, हल्ली जी दुकाने इंटरनेटवर थाटली गेली आहेत, त्यांच्या चालकांना या शेजारणीचे महत्त्व पुरतेपणी उमगले आहे. अशा दुकानात गिऱ्हाईक मुळात एकटे असते. समोर मालाचे चित्र, खाली किंमत, आणि सल्ला द्यावयास कोणी नाही. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न फार लवकर सुरू झाले. अ‍ॅमेझॉनने १९९५ सालीच गिऱ्हाइकांचे अभिप्राय मालाशेजारी छापण्यास आरंभ केला. आपल्याकडील फ्लिपकार्टने २०१५ साली 'पिंग' नावाची सोय काढून मित्रमैत्रिणींना गप्पा मारीत एकत्र माल पाहण्याची व्यवस्था केली. ती पुढल्याच वर्षी बंद पडली, हा भाग निराळा. त्याच २०१५ साली चीनमध्ये निघालेल्या पिन्दुओदुओने ओळखीची माणसे जमवून आणणाऱ्यास भाव उतरवून देण्याची युक्ती योजिली. आणि त्याच वर्षी बंगळूर येथे निघालेल्या मीशोने आरंभी असा मार्ग धरला की, घरबसल्या स्त्रियांनी मालाची चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून आपल्या नातलगांस व मैत्रिणींस पाठवावी, किमतीवर आपला नफा चढवावा आणि माल खपवावा. सारांश, शेजारणीस दुकानातच आणून बसविण्यात आले. आता प्रश्न असा उत्पन्न होतो की, दुकानात बसलेली शेजारीण ही शेजारीणच राहते काय?

या प्रश्नाचे उत्तर देताना घाई करून चालणार नाही. व्यापारात स्नेह शिरला की तो लगेच विटाळतो, असे म्हणणे वस्तुस्थितीस सोडून होईल. याचे उत्तम उदाहरण आमच्याच भागात आहे. १९४९ साली ज्यास दक्षिण सातारा आणि १९६० साली सांगली हे नाव मिळाले, त्या जिल्ह्यात मोडणारी किर्लोस्करवाडी पूर्वी औंध संस्थानात होती. तेथील लोखंडी नांगरांच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे मासिक काढले व शंकरराव किर्लोस्करांनी ते संपादिले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांस कळावी आणि गिऱ्हाइकांशी आपलेपणा जुळावा, हा त्याचा मूळ हेतू. पुढे त्या रोपट्याचा वृक्ष होऊन १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही मासिके निघाली, आणि नांगराशी ज्यांचा कधी संबंध आला नाही अशा हजारो मराठी कुटुंबांत ती आवडीने वाचली गेली. एका कारखानदाराने आपल्या मालाभोवती माणसांचा मेळावा जमविला, आणि त्यात कोणाची फसवणूक झाली असे कोणी म्हणणार नाही. कारण उघड आहे. कारखान्याचे नाव मासिकाच्या कपाळावरच लिहिलेले होते. कोण बोलत आहे आणि त्याचा धंदा काय, हे वाचकास पहिल्या पानावर कळत असे. आणि नांगर न घेताही मासिक वाचण्यास तो मोकळा होता.

तेव्हा दोष मिश्रणात नाही. मग तो कोठे आहे, हे शोधण्यास आमच्या मते एक साधी कसोटी पुरेशी आहे: सल्ला देणारास "घेऊ नको" असे म्हणण्याची मोकळीक आहे काय? मित्राच्या शब्दाला जी किंमत येते ती त्याच्या होकारामुळे नव्हे. ती त्याच्या संभाव्य नकारामुळे येते. जो कधीच नाही म्हणणार नाही, त्याचे होय ऐकून आपणास नवे काय कळले? ज्या क्षणी मैत्रिणीच्या होकारावर तिचा नफा अवलंबून राहतो, त्या क्षणी तिचा शब्द निरर्थक होत नसला तरी त्याचे वजन उतरते. आणि ते उतरले आहे हे ऐकणारीस ठाऊक नसेल, तर तिला खोट्या मापाने माल तोलून दिल्यासारखे होते.

दलाली ही स्वतः निंद्य वस्तू नव्हे. सांगलीच्या हळदबाजारातील अडत्या अडत घेतो. परंतु ती घेतो हे सर्वांस माहीत असते, आणि त्याच्या बोलण्यातून तेवढे वजा करून ऐकण्यास सर्वजण शिकलेले असतात. पूर्वी आपल्याकडील पुष्कळ बाजारपेठांत रुमालाखाली बोटे दाबून सौदे ठरत. शेतकऱ्यास भाव कळत नसे, म्हणून ती पद्धत मोडून उघड लिलाव आले. नव्या दुकानांत नेमके उलट घडत आहे. रुमालाच्या बाजारात भाव झाकलेला आणि हेतू उघडा असे. येथे भाव ठळक अक्षरांत उघडा असतो आणि हेतू स्नेहाच्या रुमालाखाली झाकलेला असतो.

कधीकधी तर मित्राच्या नावाने मित्राच्या नकळतच बोलले जाते. २००७ साली फेसबुकने 'बीकन' नावाची योजना काढली. कोणी अन्य दुकानात काही घेतले की त्याची वार्ता त्याच्या स्नेह्यांत आपोआप पसरे. एका गृहस्थाने पत्नीस नकळत घेतलेली अंगठी अशी गावभर झाली, आणि अखेर प्रकरण न्यायालयात गेले. २००९ साली ती योजना बंद करून कंपनीने ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. येथे त्या गृहस्थाने कोणासही शिफारस केली नव्हती. त्याच्या खरेदीसच शिफारशीचे रूप देऊन ती परस्पर वापरली गेली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. ज्या स्त्रीस घराबाहेर पडून दुकान घालणे शक्य नव्हते, तिला या मार्गाने चार पैसे मिळू लागले. तिच्या स्वावलंबनापेक्षा प्राध्यापकांची नीतिचर्चा मोठी काय? आम्ही म्हणतो, खचित नव्हे. तिचे कष्ट खरे आहेत आणि कमाईही खरी आहे. परंतु तिने भांडवल म्हणून काय गुंतविले, हे पाहिले पाहिजे. तिच्यापाशी रोकड नव्हती. तिने आपली भीड गुंतविली. भीड भिकेची बहीण, असे आपले जुने लोक म्हणत. नणंद किंवा आतेबहीण नको असलेली साडी घेते ती साडीसाठी नव्हे, नाते दुखवू नये म्हणून घेते. उपयुक्ततेवर उभारलेल्या मैत्रीत तक्रारी सर्वांत अधिक उद्भवतात, हे अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वीच सांगून ठेविले आहे. साडीचा रंग गेला तर दुकानाकडे ती परत करता येते. विटलेला स्नेह कोणाकडे परत करावा? नफ्यात कंपनीचा वाटा असतो, या तोट्यात तो नसतो. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, तिने विकावे, पण विक्रेती म्हणून विकावे. "यात माझे इतके सुटतात" हे एक वाक्य उच्चारल्याने स्वावलंबन कमी होत नाही, आणि नाते मात्र वाचते.

सरकारनेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये इंटरनेटवरील अभिप्रायांविषयी मानक ठरविले, आणि मोबदला घेऊन वस्तूची शिफारस करणाराने तो संबंध स्पष्ट सांगावा, असे ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये बजावले. पण कायद्याची धाव पैसे घेऊन बोलणाऱ्या प्रसिद्ध माणसापर्यंत. दिवाणखान्यात बसलेल्या वहिनींपर्यंत ती पोहोचणार नाही, आणि पोहोचूही नये. तेथे नीतीचेच राज्य असावयास हवे.

माणसे एकत्र येऊन खरेदी करू लागली म्हणजे ती दुकानाच्याच कच्छपी लागतात, असेही नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे संघ करून एकत्र मागणी नोंदवितात, माल एकत्र आणवितात व आपसांत वाटून घेतात. तेथेही स्नेह आहे आणि सौदाही आहे. फरक इतकाच की, तो स्नेह गिऱ्हाइकाच्या बाजूस उभा आहे. तेथील शेजारीण अजून "हे राहू द्या" म्हणू शकते.

आपल्या घरांत रोज येणाऱ्या शिफारशी वाचताना हीच खूण पाहावी. आणि आपण स्वतः शिफारस करू तेव्हा आपल्या हिताचा उल्लेख आधी करावा. दुकाने येतील, जातील, त्यांचे डावपेच बदलतील. परंतु "नको घेऊस" असे निर्भयपणे सांगणारे माणूस एकदा गमावले, तर ते कोणत्याही दुकानात कोणत्याही किमतीस मिळावयाचे नाही.