कलावंताचें ऋण कधीं फेडावें?

शिरूर तालुक्यांतील पाबळ गांवीं मस्तानीची कबर आहे. लांबलांबचे लोक ती पाहावयास येतात, क्षणभर उभे राहतात आणि हळहळतात. मस्तानी गायन व नृत्य यांत निपुण होती असें सांगतात. पण पेशव्यांच्या घरानें तिला आपली म्हटलें नाहीं. ती १७४० सालीं वारली. आज तिच्या कबरीपाशीं जी हळहळ व्यक्त होते, तिच्यांतील थोडी जरी तिच्या हयातींत तिच्या वांट्यास आली असती तर! इतिहासाचीं उणींदुणीं काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या कबरीपाशीं जो प्रश्न उभा राहतो, तोच आपल्या प्रत्येक गांवांत उभा आहे. ज्यानें आपल्या कलेनें आम्हांस आनंद दिला, तो दुखण्यानें खाटेस खिळला असतां त्याचा सन्मान करणें ही दया, कीं ऋणाची फेड?

ह्याच तालुक्यांतील कवठें येमाई हें नारायण खुडे यांचें गांव. त्यांनीं तमाशाचा फड उभा केला. पुढें भाऊ व बापू यांनीं तो चालविला, आणि भाऊंच्या कन्या विठाबाई नारायणगांवकर यांनीं तो महाराष्ट्रभर गाजविला. विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा. ज्या मातंग समाजाला गांवानें वेशीबाहेर ठेविलें, त्या समाजाच्या ह्या स्त्रीस १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींकडून गौरव प्राप्त झाला. त्यांची एक गोष्ट प्रसिद्धच आहे. खेळ रंगांत आला असतां त्यांस प्रसूतिवेदना सुरू झाल्या. पडद्यामागें जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडानें नाळ तोडली, आणि पुन्हां खेळास उभ्या राहावयास निघाल्या. प्रेक्षकांस हें कळतांच त्यांनीं मोठ्या आदरानें त्यांस विसावा घेण्यास सांगितलें व खेळ थांबला. त्या रात्रींच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या प्रेक्षकांस सन्मान कशास म्हणतात हें ठाऊक होतें. आपल्या करमणुकीपेक्षां तिचा जीव त्यांनीं मोठा मानिला, आणि तोही वेळेवर.

परंतु २००२ सालीं विठाबाई वारल्या तेव्हां त्यांची स्थिति हलाखीची होती. दवाखान्याचें देणें लोकांच्या वर्गणींतून भागवावें लागलें. पुढें २००६ पासून राज्यशासन त्यांच्या नांवें तमाशा कलावंतांस जीवनगौरव पुरस्कार देऊं लागलें. हें योग्यच झालें. तथापि ज्या कानांनीं तो गौरव ऐकावयाचा ते तोंवर मिटले होते.

कोणी म्हणेल, "तिकिटाचे पैसे आम्हीं दिले, सुपारी दिली, मग ऋण कसलें?" वाचकहो, सुपारीनें एका रात्रीचा हिशोब फिटतो. पण जें पद नांगरामागें चालतांना दहा वर्षांनीं ओठांवर येतें, ज्या ढोलकीच्या आठवणीनें दुष्काळांतही पाय हलतात, त्याचें मोल कोणी कधीं दिलें? दुसरा कोणी म्हणेल, "तमाशा आम्हांस पसंत नाहीं." नसो. आमच्यापैकीं पुष्कळांस तो पसंत नव्हता. पण कनातीच्या फटींतून पाहणारेही आमच्यांतच होते. कलेविषयीं मतभेद असला म्हणून तिच्या धन्याच्या उपाशी पोटाविषयीं मतभेद असूं नये.

विठाबाईंचें निदान नांव तरी राहिलें. परंतु फडांतल्या ढोलकीवाल्याचें, हलगीवाल्याचें, तुणतुण्यावर उभा जन्म घालविणाऱ्याचें नांव कोणत्याही फलकावर नसतें. असा एखादा म्हातारा तुमच्या गांवींही खोकत पडला असेल. त्यास व्यासपीठावर बसवून शाल पांघरणें व चार भाषणें ऐकविणें ह्यानें कधीं कधीं त्याच्या आजाराचेंच प्रदर्शन होतें. त्यापेक्षां त्याच्या खाटेपाशीं जाऊन बसावें. अमुक जत्रेंत तुम्ही वाजविलें तें अजून कानांत आहे, असें त्यास सांगावें. राज्यशासन वृद्ध कलावंतांस दरमहा मानधन देतें. पण त्यासाठीं वयाचे दाखले व वर्षानुवर्षें कला सादर केल्याचे पुरावे मागतात. जन्मभर गांवोगांव फिरलेल्या माणसानें कागद कोठून जपावेत? ज्यास लिहितां येतें त्यानें अर्ज लिहावा, ज्यानें खेळ पाहिला त्यानें साक्ष द्यावी, ज्याजवळ गाडी आहे त्यानें त्यास दवाखान्यांत न्यावें.

आणि ह्या सर्वांहून मोठा सन्मान एकच. गांवांतील एखादा मुलगा त्याच्याकडे पाठवावा, आणि थरथरत्या बोटांत जो ठेका अजून शिल्लक आहे तो त्यास शिकूं द्यावा. दान देणारा वर व घेणारा खालीं असतो. पण शिकावयास आलेल्या मुलासमोर तो म्हातारा पुन्हां गुरु होतो. आपणांस कांहीं देतां येतें, ही जाणीव दुखणाईतास औषधाइतकीच लागते.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, ही दया नव्हे, फेड आहे. आणि फेडीस मुदत असते. कबरीपाशीं फुलें नेण्यास उद्यांही वेळ मिळेल. खाटेपाशीं जावयाचें तर आजच जावें.