अनाहूत विचार आणि अभ्यासयोग

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने भगवंतांपुढे मांडलेली अडचण ही प्रत्येक गृहस्थाची अडचण आहे. ध्यानयोगाचे निरूपण ऐकून तो नुसती मान डोलावीत नाही. मन चंचल आहे, बलवान आहे, हट्टी आहे. वाऱ्याला मुठीत धरणे जितके कठीण तितकेच ते आवरणे कठीण, असे तो स्पष्ट सांगतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, भगवंत त्याला दोष देत नाहीत. त्याचे म्हणणे खरे असल्याचे प्रथम मान्य करून मगच ते अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगतात. महारथ्यालाही जे दुष्कर वाटले, ते आपणांस अवघड वाटले म्हणून लाज कशाची?

तरीही एक क्लेश असा आहे की, तो मनुष्य कोणाजवळ बोलून दाखवीत नाही. पूजेस बसलेल्या सुशील गृहिणीच्या मनात नेमक्या त्याच क्षणी मूर्तीविषयी अभद्र विचार येतो. जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदामाईला दीपदान करावयास आलेल्या मातेच्या मनात, कडेवरचे मूल आपल्याच हातून पाण्यात टाकले गेले तर, अशी भयंकर कल्पना चमकून जाते. ती दचकते, मुलाला उराशी धरते आणि पुढे घाटावर जाणेच सोडून देते. 'मी पापिणी आहे' हा शल्यासारखा विचार ती वर्षानुवर्षे एकटीच वागविते.

भयाचेही असेच आहे. २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर जबलपूर भूकंपाने हादरले. कोसमघाटासारख्या खेड्यात घरे कोसळली, माणसे दगावली. धरणी काही क्षणांतच स्थिर झाली. परंतु अशा आपत्तीनंतर माणसाचे मन तितक्या लवकर स्थिर होत नाही. रस्त्याने जड मालमोटार गेली, तावदान थरथरले, की काळीज धडधडू लागते. कारण निघून जाते आणि भय मागे राहते.

येथे एखादा श्रद्धाळू वाचक विचारील, "तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी बाहेरून इंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. मग माझ्या मनात असे विचार येतात, तो मी दांभिकच नव्हे काय?" या शंकेने अनेक सज्जनांची झोप उडविली आहे. परंतु तेथे भगवंतांनी आवडीने केलेल्या स्मरणाची निंदा केली आहे. दुसऱ्या अध्यायातही अधःपाताची परंपरा विषयांच्या सतत ध्यानापासून सुरू होते, विषय क्षणभर डोळ्यांपुढे आल्यापासून नव्हे. जो विचार आपण बोलाविला नाही, ज्याची आपल्याला किळस येते, तो आपला संकल्प नव्हे. त्या मातेला भय वाटते, कारण मुलावर तिचे प्राणापलीकडे प्रेम आहे. ज्याचे हृदय खरोखर क्रूर आहे, त्याला असल्या कल्पनेने घाम फुटत नाही.

मग हे विचार जात का नाहीत? आपण त्यांच्याशी झुंजतो म्हणून. अमुक गोष्ट मनात आणावयाची नाही असे ठरविले की, ती आली किंवा नाही हे पाहण्यासाठी तिचीच आठवण ठेवावी लागते. आधुनिक मानसशास्त्रानेही १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच पाहिले: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे ज्यांना बजावले, त्यांच्या मनात ते अस्वल वारंवार येऊ लागले. चौदाव्या अध्यायातील गुणातीत पुरुष प्रकाश, प्रवृत्ती किंवा मोह प्राप्त झाला असता त्यांचा द्वेष करीत नाही आणि ते मावळले असता त्यांची इच्छा धरीत नाही. तो उदासीनासारखा असतो. येथे मोहाचाही द्वेष करू नये असे म्हटले आहे, हे विशेष होय. नर्मदेच्या प्रवाहात फुले वाहतात, तसा केरकचराही वाहतो. काठावर बसून जप करणारा प्रत्येक काडी बाहेर काढावयास पाण्यात उडी घेत नाही.

आता अभ्यास म्हणजे काय? विचार आला की त्याला ओळखावे: हा अनाहूत पाहुणा आहे. त्याच्याशी वाद घालू नये, आणि त्याच्या भयाने हातातील कर्तव्यही सोडू नये. कडी एकदा लावली, ती लागली. मन भटकेल तेथून त्याला पुन्हा परत आणावे, असे भगवंत सांगतात; किती वेळा, याची मर्यादा त्यांनी घातलेली नाही. समर्थ रामदासांनीही मनाला उपदेश करताना त्याला सज्जन म्हणूनच हाक मारली आहे. मुलाला हात धरून घरी आणावे, तितक्याच मायेने मनाला आणावयाचे असते.

नामस्मरणाविषयी एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. वाईट विचार पुसून टाकण्यासाठी नाम ठराविक संख्येने घेतलेच पाहिजे, एक चुकले तर पुन्हा आरंभापासून, असे होऊ लागले की, ते नाम प्रेमाचे न राहता भयाचे होते. विचार असो वा नसो, नाम प्रेमाने घ्यावे. विचार घालविण्याचे काम त्याच्यावर लादू नये.

कित्येकदा हा त्रास इतका वाढतो की झोप, अन्न आणि संसार यांचा मेळ राहत नाही. अशा वेळी तो आजार समजून वैद्यकीय साहाय्य घ्यावे. यावर उपचार आहेत आणि ते घेणे म्हणजे श्रद्धेत उणेपणा नव्हे. शासकीय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत अशांची विचारपूस होते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलीमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. घरच्या मंडळींनीही 'असले विचार येतातच कसे?' असे विचारून दुःखितास अधिक दुःखी करू नये.

पहिल्या अध्यायात अर्जुनाचे अंग कापत होते, तोंड कोरडे पडले होते, धनुष्य हातातून गळत होते. त्याने ते लपविले नाही. आपल्या सख्यापुढे जसेच्या तसे सांगितले. ते त्याने मनातच ठेवले असते, तर गीता प्रकटच झाली नसती. म्हणून ज्या कोणाच्या मनात असे शल्य आहे, त्याने आजच एखाद्या विश्वासू माणसाजवळ ते बोलावे. हृदयस्थ भगवंतांना तर ते ठाऊकच आहे, आणि त्यांनी आपला हात सोडलेला नाही.