कृष्णवेषाची मीमांसा

मनुष्य अंगावर वस्त्र घालतो ते केवळ थंडीवाऱ्याच्या निवारणासाठी नव्हे, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नाही. वस्त्र बोलत असते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते काय बोलते ह्यापेक्षा ते कोणाच्या वतीने बोलते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे असे आम्हास अलीकडे वाटू लागले आहे. ह्या विचारास निमित्त झाले ते घरातल्याच एका लहानशा प्रसंगाचे. आणि त्यात आमची बाजू फारशी भूषणावह नव्हती, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आम्ही अंबरनाथ पूर्वेस, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत राहतो. गेल्या संक्रांतीस आमची भाची काळी चंद्रकळा नेसून हळदीकुंकवास आली, तेव्हा जमलेल्या बायकांनी तिचे तोंड भरून कौतुक केले. आठच दिवसांनी ती पुन्हा आली. ह्या वेळी अंगात काळा पायघोळ झगा, हातांत काळ्या जाळीचे मोजे, ओठांस काळा रंग आणि गळ्यात एक चांदीची कवटी, असा तिचा थाट होता. चारचौघांदेखत आमच्या तोंडून निघून गेले, "काय ग, कोणी गेलं की काय?" तिने शांतपणे विचारले, "मामा, संक्रांतीला हाच रंग चालला होता ना?" आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु वेळ मारून नेली म्हणजे प्रश्न मेला असे होत नाही.

हा वेष ज्या पंथाचा, त्यास 'गॉथ' असे म्हणतात. ह्या शब्दाचा इतिहास मोठा विचित्र आहे. गॉथ हे मूळचे जर्मानिक टोळ्यांचे नाव. त्यांच्यापैकी एका शाखेने इ. स. ४१० मध्ये रोम लुटले. सोळाव्या शतकात व्हाझारीसारख्या इटालियन लेखकांस मध्ययुगातील उंच, टोकदार कमानींची मंदिरे रानटी वाटली, म्हणून त्यांनी त्यांचे खापर ह्या बिचाऱ्या गॉथांच्या माथी फोडले. पुढे शिवीचेच बिरुद झाले. १७६४ साली होरेस वॉल्पोलने पडके किल्ले आणि भुताखेतांची एक कादंबरी लिहिली, तेव्हापासून भयाचा आनंद देणारे सर्व वाङ्मय 'गॉथिक' ठरले. आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तीच टोकदार कमान पुन्हा डोक्यावर घेतली. आमच्या गावचे शेकडो लोक रोज सकाळी ज्या स्थानकात उतरतात, ते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने बांधलेले मुंबईचे भव्य स्थानक, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे ह्याच व्हिक्टोरियन गॉथिक शैलीचे आहे. तात्पर्य, गॉथिक इमारतीत आम्ही नित्य वावरतो. गॉथिक मुलगी दारात आली म्हणजे मात्र दचकतो.

प्रस्तुत पंथाचा जन्म इंग्लंडात, १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, संगीतातून झाला. 'बाउहाउस' नामक वाद्यवृंदाने १९७९ साली, चित्रपटात ड्रॅक्युलाची भूमिका करणाऱ्या बेला लुगोसीवर एक दीर्घ, संथ गीत काढले; १९८२ साली लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' नावाचा क्लब निघाला आणि ह्या मंडळींस जमण्यास ठिकाण मिळाले. आज जर्मनीतील लाइपझिग शहरी १९९२ पासून भरत असलेल्या मेळ्यास सुमारे २० हजार लोक जमतात.

दुरून पाहणाऱ्यास हे सारे एकाच काळ्या रंगाचे दिसतात. आम्हासही तसेच दिसले होते. भाचीने आम्हास समोर बसवून त्यातील भेद समजावून दिले, तेव्हा एखाद्या शास्त्रातील शाखाभेद ऐकावेत तसे आम्ही ऐकत राहिलो. जुन्या पठडीतील गॉथ तो, ज्याचे केस विस्कटून उभे केलेले, मोजे फाटके आणि डोळ्यांभोवती काजळाची दाट वर्तुळे. त्याचा अमेरिकन चुलतभाऊ 'डेथरॉक'. व्हिक्टोरियन गॉथ स्त्री कमरेस घट्ट कंचुकी बांधते, लेस लावते आणि शोकाचा बुरखा घेते. तिचे कुलदैवत म्हणजे जणू राणी व्हिक्टोरिया, जिने १८६१ साली पती निवर्तल्यापासून १९०१ साली स्वतः मरेपर्यंत चाळीस वर्षे काळे वस्त्र सोडले नाही. रोमँटिक गॉथास मखमल आणि वाळलेली गुलाबे प्रिय. सायबर गॉथ मात्र भूतकाळाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याची वस्त्रे रबरप्लास्टिकची, केस झगझगीत हिरवे-गुलाबी आणि कपाळावर कारखान्यातील गॉगल. जपानातील 'गॉथिक लोलिता' ही झालरींचा झगा घालून बाहुलीसारखी सजते. तीत शरीर दाखविण्यापेक्षा झाकण्याकडेच कल अधिक. नोकरीपेशातील गॉथ साधा काळा सूट घालून एखाद्या अंगठीत आपला पंथ लपवितो. आणि सर्वांवर कडी म्हणजे 'पेस्टल गॉथ': फिकट गुलाबी आणि जांभळ्या कपड्यांवर कवट्या आणि वटवाघळे! म्हणजे काळा रंग हाही ह्या पंथाचा अव्यभिचारी धर्म नव्हे. जे धर्मवत् आहे ते एवढेच, की जगाने ज्या गोष्टी अमंगळ म्हणून दाराबाहेर ठेवल्या, त्यांत ह्यांना सौंदर्य दिसते.

आता, अमंगळातील सौंदर्य ही कल्पना आम्हास परकी आहे काय? नाट्यशास्त्राने प्रत्येक रसास एकेक वर्ण दिला आहे. त्यात भयानकाचा वर्ण कृष्ण, हे अपेक्षितच. परंतु शृंगाराचा वर्णही श्याम सांगितला आहे. प्रीती आणि भीती ह्या दोहोंना भरताने शेजारी शेजारी, काळोखाच्या कुशीत बसविले. करुणरसापासून आनंद कसा होतो ह्या प्रश्नावर आमच्या मासिकांनी एके काळी किती कागद खर्ची घातला, हे जुन्या वाचकांस स्मरत असेलच. आणि लांब कशास जा? आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळी शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० साली, पूर्ण झालेले काळ्या पाषाणाचे देवालय उभे आहे. त्याच्या गाभाऱ्यात जाण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, उतराव्या लागतात. प्रकाशातून अंधारात उतरून आम्ही ज्यास नमस्कार करतो, तो देव स्मशानात राहतो, चिताभस्म अंगास फासतो आणि गळ्यात मुंडमाळ घालतो. महाशिवरात्रीस सारे गाव लेकराबाळांसह तेथे लोटते. देवाच्या गळ्यातील मुंडमाळ आम्हास कधी खुपली नाही. भाचीच्या गळ्यातील एका कवटीने मात्र आम्ही अस्वस्थ झालो!

येथे कोणी म्हणेल, शंकराचे वैराग्य खरे, ह्या पोरांचे सोंग; ज्यांनी मरण पाहिले नाही त्यांनी मरणाचे अलंकार मिरवावेत हा शोकाचा अपमान होय. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. ज्या घरातून नुकतीच तिरडी उठली आहे, त्या घरासमोर कवट्यांची हौस मिरविणे कोणासही शोभणार नाही. परंतु प्रत्येक वेष आरंभी सोंगच असतो. पदवीदानाच्या दिवशी आम्ही जो काळा झगा घातला होता, तेव्हा आमच्या ठायी तितकी विद्वत्ता होती असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. दुसरा आक्षेप असा, की चारचौघांहून निराळे दिसण्यासाठी निघालेल्यांनी शेवटी एकमेकांसारखेच दिसावे, आणि तो निराळेपणाही दुकानातून विकत आणावा, ह्यात स्वातंत्र्य ते कोणते? हा आक्षेप पहिल्याहून वजनदार आहे. 'खरा गॉथ कोण' ह्यावर ह्या पंथातही वाद होतात आणि सोवळेओवळे पाळले जाते, असे भाचीनेच सांगितले. बंडखोरांचीही पंगत बसते आणि पंगतीत पाने मांडण्याचे नियम होतात. तथापि जेथे एका शाखेतून दहा शाखा फुटतात आणि फुटलेल्यास कोणी वाळीत टाकू शकत नाही, तेथे नियमाची दोरी सैल आहे, असेच म्हणावे लागेल. ह्या वेषाच्या पुष्कळ तऱ्हा असणे हेच त्याच्या मोकळेपणाचे गमक आहे.

ह्याच ठिकाणी आम्हास आमच्या बालपणीची एक व्यक्ती आठवते. आमच्या आजीची थोरली जाऊ विसाव्या वर्षी विधवा झाली. आम्ही तिला पाहिले ते तांबड्या आलवणात, डोकीवरून पदर ओढलेली, अशीच. तिच्या वेषास एकच तऱ्हा होती. शोकाचे ते वस्त्र तिने निवडले नव्हते, आणि साठ वर्षांत तिचा शोक निवला तरी तिला ते उतरविता आले नाही. संक्रांतीस बायका जमल्या म्हणजे ती आतल्या खोलीत बसे. सण संपला की आईची चंद्रकळा घडी करून पेटीत ठेवण्याचे काम मात्र ती मागून घेई, आणि ती घडी घालण्यास तिला फार वेळ लागे. तेव्हा आम्हास त्याचा अर्थ कळला नाही.

केशवपनाविरुद्ध नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी १८९० साली वस्तरा खाली ठेवला. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी विवाह करून समाजाचा रोष पत्करला. आणि तरीही कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीस विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली करावा लागला! जो समाज सव्वाशे वर्षे दुसऱ्याच्या अंगावर शोक चढवीत राहिला, त्याने स्वखुशीने काळे वस्त्र घेणाऱ्या मुलीस शोकाच्या पावित्र्याचा उपदेश करावा, ह्यास धाडस म्हणावे की विस्मरण, हे वाचकांनीच ठरवावे.

आमच्या मते, वेषाची नैतिक कसोटी त्याच्या रंगात नाही, आणि तो अस्सल की सोंग ह्यातही नाही. तो वेष कोणी घालावयास लावला, आणि तो उतरविण्याची मुभा आहे की नाही, हे दोनच प्रश्न विचारण्याजोगे आहेत. हा न्याय दोन्ही बाजूंस लागू आहे. उद्या ह्या पंथाने एखाद्या मुलीस 'आता तू आमच्यातून निघू शकत नाहीस' असे म्हटले, तर त्याच्या काळ्या झग्यात आणि आमच्या आलवणात फरक उरणार नाही.

आणि जसा घालणाराचा धर्म आहे तसा पाहणाराचाही आहे. लँकेशायरमधील बेकप ह्या गावी ऑगस्ट २००७ मध्ये सोफी लँकेस्टर नावाच्या वीस वर्षांच्या मुलीस आणि तिच्या मित्रास काही पोरांनी बागेत गाठून, केवळ त्यांचा वेष निराळा म्हणून लाथाबुक्क्यांनी तुडविले. मित्र वाचला, सोफी पुन्हा शुद्धीवर आली नाही. पुढे २०१३ साली मँचेस्टरच्या पोलिसांनी अशा पंथीयांवरील हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद करण्यास आरंभ केला. त्या पोरांच्या लाथेत आणि आमच्या "कोणी गेलं की काय?" ह्या थट्टेत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्या लाथेच्या आधी त्या गावातही अशा पुष्कळ थट्टा झाल्या असतील. आणि त्या करणारे सगळेच वाईट नसतील, बरेचसे आमच्यासारखे सभ्य गृहस्थच असतील, ही शंका आमचा पिच्छा सोडीत नाही.

भाची परवा पुन्हा आली. ह्या वेळी मखमलीचा काळा पोलका आणि केसांत वाळलेले गुलाब होते. आम्ही विचारले, "ह्यातली ही कोणती तऱ्हा?" तिने नाव सांगितले आणि पुष्कळ दिवसांनी मोकळेपणाने बोलत बसली. बोलता बोलता आमच्या आईची चंद्रकळा अजून आहे का, असे तिने विचारले. ती आहे. पेटी उघडून आम्ही तिच्या हाती दिली. घडी अजून तशीच, काठास काठ लावून घातलेली होती. ती कोणाच्या हातची, हे आम्ही तिला त्या दिवशी प्रथमच सांगितले.